सतरा नंबरच्या पट्टीचा डोह

व्यंकटराव पाटोदेकरांनी आयुष्यातला पहिला गळ पाण्यात टाकला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तोही एका सरकारी कार्डामुळे. एरवी पाटोदेकरांच्या घराण्याचा माशाशी संबंध आला असेल तर तो देवघरातल्या दशावतारांच्या तसबिरीपुरता. आजोबा पूजा सांगत, वडील तहसिलीत कारकून होते आणि व्यंकटराव शहरातल्या पाण्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. छावणीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, जायला-यायला सायकल, दुपारी डबा, संध्याकाळी भाजीची पिशवी. हा माणूस पुढं नदीकाठी गांडुळाच्या डब्यात बोटं घालून बसेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांच्या पत्नीनं, अंबिकाबाईंनी, त्याला वेड्यात काढलं असतं.

कचेरीतलं त्यांचं काम तसं साधं होतं. जिल्ह्यातल्या नद्यांवर ठिकठिकाणी खडकात पाण्याची उंची मोजायच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीला नंबर होता. त्या गावचा एखादा माणूस तुटपुंज्या पगारावर सकाळ-संध्याकाळ जाऊन पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचा आणि आठवड्याचं कार्ड भरून टपालात टाकायचा. कार्डावर चार रकाने : तारीख, वेळ, पातळी, शेरा. शेऱ्यात सगळे 'निरंक' लिहीत. नदीबद्दल सरकारला आणखी काय सांगणार? व्यंकटराव ही कार्डं एका जाडजूड वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. नंबर नसलेलं कार्ड आलं तर ते परत पाठवत. नुसत्या पातळीला ते 'बेवारस आकडा' म्हणत आणि त्यांना तो मनापासून सहन होत नसे.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात सतरा नंबरच्या पट्टीचं कार्ड आलं. ही पट्टी पिशोरजवळ अंजना नदीवर होती. शेऱ्यात लिहिलेलं होतं : 'पाणी गढूळ. मरळ वर येती.' पुढच्या आठवड्यात : 'शिंगटा लागला. हात फाडला.' व्यंकटरावांनी लाल शाईत उलट टपाली कळवलं, की शेऱ्याच्या रकान्यात मासळीचा उल्लेख करू नये. त्यावर जे कार्ड आलं त्याच्या शेऱ्यात एवढंच होतं : 'मग पाण्यात काय हाय ते कुठं लिवावं?'

याचं उत्तर व्यंकटरावांनी नियमांच्या पुस्तकात शोधलं. तिथं ते नव्हतं. शेवटी तपासणीच्या निमित्तानं ते एसटीत बसून पिशोरला गेले.

पट्टी वाचणारा बन्सी त्यांच्याच वयाचा निघाला. घरची थोडी शेती, आणि हे पट्टीचं काम. त्यानं साहेबांना खडकावर गोणपाट टाकून बसवलं, बांबूची काठी हातात दिली, दोरीला गळ, गळाला कणकेची गोळी. "सायेब, धरून बघा. आवडलं नाय तर ठिवा खाली," म्हणाला. तासाभरानं दोरी ताणली गेली आणि व्यंकटरावांच्या मनगटात काहीतरी जिवंत थडथडलं. पावशेरभराचा रोहू होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, त्याचे तांबूस पर बघितले, आणि आयुष्यात पहिल्यांदा शहराकडं जाणारी शेवटची गाडी चुकवली.

पुढं तीस-एकतीस वर्षं, पाणी असेल तोवर, दर रविवारी हा माणूस नदीवर होता. बन्सीनं त्यांना सगळं शिकवलं. गढूळ पाण्याला गांडूळ, नितळ पाण्याला कणीक. रोहू आधी हुंगतो, मग घेतो, घाई करायची नाही. कटला तळाला येतच नाही, त्याच्यासाठी गळ वर ठेवायचा. शिंगटा दणका देतो, आणि हातात आला की काट्यानं हात फाडतो. सापासारखी लांबट वाम कपारीत लपते, तिची ओढ इतकी हलकी असते की अर्ध्या लोकांना वाटतं वारा आहे. आणि मरळीबरोबर तांबडी पिल्लं फिरत असतील तर तिच्या वाटेला जायचं नाही, मग ती दोन किलोची का असेना. चिलापीला शिकवण्यासारखं काही नव्हतं. ती कुठंही, काहीही, कधीही खायची, म्हणून बन्सीला ती आवडत नसे.

खाण्याचा प्रश्नच नव्हता. मिळेल ते बन्सीच्या घरी, त्याच्या बायकोकडं, आवडाबाईकडं जाई. बन्सीच्या चुलीवर कालवण रटरटत असताना व्यंकटराव वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून डब्यातली पोळी आणि मेथीची भाजी खात. आवडाबाई हसायची. "आण्णा, धरायचं पाप तुमचं आन खायाचं आमचं," म्हणायची. साहेबाचे आण्णा कधी झाले ते दोघांनाही आठवत नव्हतं.

घरी अंबिकाबाईंनी नियम घालून दिले होते. नदीचे कपडे मागच्या दारी नळावर, नदीचा पंचा वेगळा, आंघोळ झाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. पण शनिवारी रात्री पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा हळद लावून बाजूला काढून ठेवायच्या त्याच. जेवताना माशांचा विषय काढायला बंदी होती. "वाती वळताना सांगा," म्हणायच्या. मग त्या कापूस घेऊन बसत आणि व्यंकटराव सांगत, कुठल्या खडकाशी बसलो, पाणी कसं होतं, दोरी कशी गेली. अंबिकाबाईंनी जन्मात एक मासा जवळून बघितला नाही, पण अंजना नदीतला प्रत्येक दगड त्यांना ओळखीचा होता. एकदा त्याच म्हणाल्या, "त्या वाकड्या उंबराखाली बसून बघा पुढच्या वेळी." बसले, तर वाम मिळाली. हे व्यंकटराव पुढं कित्येक वर्षं सांगत.

शहर तोवर वाढत होतं. छावणीच्या पुलाखालच्या खाम नदीत पूर्वी पोरं पोहायची, तिथं आता नाकाला रुमाल लावून जावं लागे. निवृत्तीच्या आधी व्यंकटरावांनी चिकलठाण्याकडं फ्लॅट घेतला. तिथल्या सुखना नदीत त्यांनी छंदाच्या पहिल्या वर्षांत पसाभर चालट, म्हणजे ती बोटाएवढी चंदेरी मासळी, धरली होती. बिल्डरनं जाहिरातीत 'नदीकिनारी' लिहिलं होतं आणि ते खोटं म्हणता येणार नाही, किनारा होताच. मधून काळं पाणी वाहायचं आणि खिडक्या बारा महिने बंद ठेवाव्या लागायच्या. समोरच्या ज्वारीच्या रानात बघता बघता प्लॉट पडले, खांब उभे राहिले, आणि कुठल्या घरात कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसलेल्या इमारती झाल्या.

दोन हजार अकरात अंबिकाबाई गेल्या. दोन महिन्यांचं दुखणं, आणि संपलं. मुलगी सावनी बंगळुरात, ती पंधरा दिवस राहून गेली. त्यानंतर घरात जे सुनं पडलं त्याला नाव देणं अवघड आहे. व्यंकटराव रविवारी नदीवरून येत, सवयीनं मागच्या बाजूच्या नळाकडं वळत, तिसऱ्या मजल्यावर मागचं दार नाही हे ध्यानात येई, मग न्हाणीत आंघोळ करून पंचा वाळत घालत आणि बसत. पोटात दिवसभराच्या गोष्टी असत. सांगणार कुणाला? एकदा त्यांनी वरणाला फोडणी देता देता मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळले.

या अडचणीतून त्यांची सुटका मोबाइलनं केली. शहरातल्या गळ टाकणाऱ्यांचा एक ग्रुप निघाला होता. चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार, दोन डॉक्टर, एक शाळामास्तर, असे शे-सव्वाशे लोक. हातात नव्या चकचकीत काठ्या, पण पाणी वाचता येईना. व्यंकटराव दर शनिवारी सकाळी तिथं आठवड्याचा अहवाल टाकू लागले. साचा तोच, आयुष्यभराचा. ठिकाण, पातळी, शेरा. 'कायगाव टोके, गोदावरी. पाणी उतरतंय. कटला वर. पहाटे कणीक घेतो, उन्हं चढल्यावर नाही.' 'पैठण, धरणाची मागची बाजू. वारा फार. चिलापी उदंड, बाकी निरंक.' खाली धडाधड उत्तरं यायची : 'सर एकदम खास', 'सर तुमच्यामुळं दीड किलोचा रोहू', आणि अंगठेच अंगठे. व्यंकटराव प्रत्येक अंगठा उघडून कुणाचा ते बघत. हसण्यासारखं आहे, पण शनिवारच्या त्या दोन तासांवर म्हातारा आठवडा काढत होता.

मग दुष्काळ आला. चौदा साली पाऊस कमी झाला, पंधरा साली त्याहून कमी. सोसायटीत टँकर येऊ लागला आणि बादल्यांवरून सुशिक्षित लोक एकमेकांची आई-बहीण काढू लागले. पैठणचं धरण मागं सरत सरत असं गेलं की जिथं गळ टाकत होते तिथं जमिनीला हात हात रुंदीच्या भेगा पडल्या. कायगावला नदीच्या पात्रात ट्रॅक्टर उभे होते. सोळाच्या जानेवारीनंतर व्यंकटरावांच्या अहवालात लिहायला काही उरलं नाही. तरी दर शनिवारी ते ठिकाणांची यादी देत आणि पुढं प्रत्येकासमोर 'निरंक' लिहीत. असे अकरा शनिवार गेले. ग्रुपवर लोक गुलाबाची फुलं आणि सुप्रभात टाकू लागले. त्यांच्या अकराव्या अहवालावर एकही अंगठा आला नाही. त्यांना ते लागलं, चांगलंच लागलं.

एप्रिलमध्ये बन्सीचा फोन आला. "आण्णा, या एकदा. दाखवायचं हाय कायतरी."

बन्सीही आता थकला होता. पट्टी वाचायचं काम केव्हाच बंद झालं होतं, पण खडकात बसवलेली पट्टी तशीच होती आणि तिच्यावर पिवळ्या रंगात सतराचा आकडा. तिच्याच पायथ्याशी, दरडीच्या आडोशाला एक डोह होता. नदी कोरडी ठणठणीत पडली होती आणि तेवढ्या एका खड्ड्यात, दोन अंगणांएवढ्या जागेत, पाणी उरलेलं होतं. बन्सीनं ओठावर बोट ठेवलं आणि दोघं पालथे पडून वाकून बघू लागले.

व्यंकटरावांनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. काळसर मरळी एकामागून एक वर येऊन हवेचा घोट घेत होत्या. शिंगट्यांच्या पाठी तळाशी रांगेत. रोहू इतके की त्यांच्या परांनी पाणी तांबूस दिसावं. आणि कपारीकपारीतून वामींची टोकदार तोंडं, जरा बाहेर, परत आत. सगळी नदी तिथं येऊन दम धरून बसली होती.

"बहात्तरला माझ्या बापानं राखला हा डोह. शहाऐंशीला म्या राखला," बन्सी हळू आवाजात म्हणाला. "दुष्काळात इथं गळ नाय टाकायचा. आमच्याकडं तसंच हाय. पाऊस आला का हितूनच मासळी वर-खाली जाती. बियाणं हाय हे. घरात दाणा नसला तरी बियाण्याला कुणी हात लावतं का?"

"नाही लावत."

"कुणाला सांगू नका, आण्णा. म्या घरात आवडीला बी सांगितलं नाय."

"मी कशाला कुणाला सांगू?" व्यंकटराव म्हणाले, आणि ते खरंच मनापासून म्हणाले.

पुढचे तीन दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. अकरा आठवडे कोरडं लिहून झालं होतं आणि आता पोटात ही एवढी मोठी बातमी. कणीक मळताना तीच, टँकरच्या रांगेत तीच. शनिवारी सकाळी ते मोबाइल घेऊन बसले. गावाचं नाव लिहायचं नाही हे पक्कं होतं. नदीचं नाव नाही, रस्ता नाही, खूण नाही. फार विचार करून त्यांनी लिहिलं : 'सतरा. पातळी ०.४०. पाणी नितळ. मरळ, रोहू, शिंगटा, वाम, सर्व एकाच ठिकाणी. गळ टाकू नये.'

तो सतरा त्यांनी का लिहिला? नंतर त्यांनी स्वतःला हे हजारदा विचारलं. खरं कारण एवढंच, की नंबराशिवाय पातळी त्यांच्या हातून लिहिलीच जाईना. आधी नुसती पातळी लिहिली होती. ती बेवारस दिसली. गावाचं नाव जगाला कळतं, नंबर फक्त कचेरीला कळतो, आणि ती कचेरी तर आता मोडीत निघाली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तीनदा वाचून बघितलं. शेवटचं वाक्य तर त्यांना फारच नेमकं वाटलं.

त्रेसष्ट उत्तरं आली. 'सर कुठं?' 'सर फक्त तालुका सांगा.' व्यंकटरावांनी सगळ्यांना लिहिलं, 'सांगता येणार नाही, क्षमस्व.' आणि त्या दुपारी ते कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

ग्रुपमध्ये साहेबराव नावाचा एक इसम होता. आता प्लॉटचा धंदा करायचा, पण पूर्वी बंधाऱ्यांच्या कामावर मुकादम होता. पिशोरच्या खालच्या दरडीशी खडकावर पिवळ्या रंगात सतरा लिहिलेलं त्यानं पूर्वी बघितलेलं होतं. सोमवारी सकाळी ग्रुपवर फोटो आला. निळी ताडपत्री आणि तिच्यावर मासळीचा ढीग, शेजारी जीप, आणि जाळी धरून उभे असलेले सात-आठ लोक. खाली साहेबरावनं लिहिलं होतं, 'पाटोदेकर सरांच्या रिपोर्टची कमाल!' शंभरावर अंगठे होते.

व्यंकटरावांचे डोळे सवयीनं मोजू लागले. मरळी, रोहू, शिंगटे. ढिगाच्या कडेला काढून ठेवलेल्या वामी त्यांनी मोजल्या तेव्हा चौदा भरल्या. वाम जाळ्यात येत नाही. ती कपारीतून बाहेर येते ती पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली तरच, आणि पावडर टाकल्यावर त्या पाण्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा मागं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पिशोरला गेले. बन्सी घरीच होता. त्यानं उठून आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "बसा, सायेब."

व्यंकटराव बसले नाहीत. "बन्सी, मी गावाचं नाव लिहिलं नव्हतं रे."

"पट्टीचा नंबर लिवला."

"सवय रे... हातातून गेला."

"व्हय. सवय तुमची."

आवडाबाई चहा घेऊन आली. आज ती हसली नाही. "दोन दिस झाले, अन्नाला शिवले नाहीत," म्हणाली आणि आत गेली.

"लई हात जोडले म्या," बन्सी अंगणाकडं बघत म्हणाला. "ते म्हणाले, बाबा, महिन्यात आटून मरणारच हाय, तवा कामून अडवतो? बहात्तरला आटला नाय, शहाऐंशीला आटला नाय. त्यानला काय ठावं? मग गावातले बी उतरले. माझा सख्खा पुतण्या उतरला. म्हणे, भायेरचे नेतेत तर आपुन कामून सोडायचं? आता जनावरं बी तोंड लावंनात त्या पाण्याला."

"माझी चूक झाली, बन्सी. मला माफ कर."

बन्सीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तुमची नाय, सायेब. चूक माझी. दाखवला म्या," तो म्हणाला. "च्या घ्या. थंड व्हतो. गाडी चारला हाय."

व्यंकटरावांनी त्याच दिवशी ग्रुप सोडला. आठवडाभरानं ग्रुपमधल्या शाळामास्तरांचा फोन आला, सर तब्येत ठीक ना म्हणून. ते ठीक आहे म्हणाले. मग कुणाचा आला नाही. दुसराच कुणीतरी शनिवारी अहवाल टाकू लागला असं त्यांच्या कानावर आलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, अंजना वाहिली. व्यंकटराव रविवारी पिशोरला जातच राहिले. गळ नेत नव्हते. डोहाकाठी बसत, पाणी बघत, चारच्या गाडीनं परत. बन्सी तिकडं फिरकत नसे. कधी दरडीवरून शेताकडं जाताना दिसे, व्यंकटराव उभे राहत, तो मान हलवून पुढं जाई. पाण्यात चिलापी होती, नुसती चिलापी, कुठून तरी वाहून आलेली. संध्याकाळी सावनीचा फोन येई. "बाबा, नदीवर गेला होतात? काही मिळालं?" "नाही गं." "मग जाता कशाला एवढ्या लांब?" पोरीला काय सांगणार, की जगात आपल्याशी बोलणारा एक माणूस होता आणि तो आता बोलत नाही?

एकदा त्यांनी मनाचा हिय्या केला. पैठणच्या कोळ्यांकडून सहा जिवंत मरळी घेतल्या, दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून त्यात सोडल्या आणि दोन एसट्या बदलून डोहावर आणल्या. कॅन तिरका करणार तोच वरून आवाज आला. "नका टाकू. त्या या पाण्याच्या नाय." बन्सी दरडीवर उभा होता. एवढं बोलून गेला. व्यंकटरावांनी कॅन परत उचलला आणि वाटेत एका तलावात मरळी सोडून दिल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री त्यांना जरा बरं वाटत होतं. वर्षभरानं बन्सी दोन वाक्यं बोलला होता.

अठरा साली पुन्हा दुष्काळ पडला. डोह पुन्हा उघडा पडला, आणि या वेळी तिथं राखण्यासारखं काही नव्हतं. चिलापी पांढरी पडून तरंगत होती. बन्सी एकदाही आला नाही. व्यंकटराव उन्हात बसून राहिले आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपण आता यायचं थांबावं. पण पुढच्या रविवारी करायचं काय, हे काही सुचेना, म्हणून आले.

एकोणीसच्या पावसाळ्याच्या शेवटी नदी धो धो आली आणि दिवाळीनंतरही वाहत राहिली. डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळची कोवळी उन्हं पाण्यावर आलेली, व्यंकटराव डोहाशी बसले होते. मागं पावलं वाजली. बन्सी काठी टेकत दरड उतरून आला. त्यानं धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरला, एका कपारीत गवताची काडी घालून हळूच ढवळली, आणि दोन्ही हातांची ओंजळ पाण्यासकट वर काढली. तसाच जपून व्यंकटरावांपाशी आला. ओंजळीत बोटभर लांबीची वाम होती. काचेसारखं अंग, आणि पाठीवर बारीक नक्षी.

व्यंकटरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं भान त्यांना राहिलं नाही.

"बघितली?"

"बघितली."

बन्सीनं ती परत पाण्यात सोडली आणि तो शेजारच्या दगडावर टेकला. "वरच्या कपारीत अजून हायेत. मरळ बी फिरती. कुठून आली देवाला ठावं. आता आयका. हे कुणाला सांगायचं नाय."

"नाही सांगणार. आहेच कोण मला, बन्सी? कुणाला सांगू?"

"मला बी नाय."

"म्हणजे?"

"माझ्याजवळ बी विषय काढायचा नाय. काय दिसलं, किती दिसलं, कुठं दिसलं, कायबी नाय. एकदा तोंडातून निघालं का ते कुठवर जातं ते कुणाला कळत नाय. मला बी नाय, तुमाला बी नाय. या. बसा. डोळ्यानं बघा. तुमाला ना म्हणत नाय म्या. पर बोलायचं नाय."

पस्तीस वर्षांत ते दोघं पाण्याखेरीज आणि माशांखेरीज कशावरही बोलले नव्हते. बन्सीच्या मुलांची नावंसुद्धा त्यांना धड ठाऊक नव्हती, आणि अंबिका गेली तेव्हाही बन्सीनं काय विचारलं होतं, तर कायगावला पाणी कसं हाय. एवढं काढून घेतल्यावर दोघांत काही उरत नव्हतं. हे बन्सीला समजत नव्हतं असं नाही.

"बरं," व्यंकटराव म्हणाले.

थोड्या वेळानं डोहाच्या मध्यावर एक मरळ वर आली. चांगली हातभर. तिनं हवेचा घोट घेतला, शेपटी मारली आणि खाली गेली. व्यंकटरावांचं तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं. बन्सीनंही ती बघितली होती, कारण त्याची मान वळली होती. तो पाण्याकडंच बघत राहिला.

चारच्या गाडीपर्यंत ते तसेच बसले. "येतो," व्यंकटराव म्हणाले. "व्हय," बन्सी म्हणाला. पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, आणि त्याच्याही पुढच्या. दोघं शेजारी शेजारी बसत आणि एकमेकांना काही सांगत नसत.